देवळीपुढचा हंडा

आंबी गावात घराची वाटणी झाली की आधी भिंत उभी राहते आणि मग हळूहळू बोलणं बंद होतं. श्रीपतीनं उलटं केलं. आधी बोलणं बंद केलं, थोरला भाऊ अंबाजी मरायची वाट बघितली आणि तेरावा उरकल्यावर गवंडी बोलावला. मधल्या सोप्यातनं विटांची भिंत आडवी आली. भिंतीपलीकडं श्रीपती, त्याची बायको सारिका आणि पोरगी समीक्षा. अलीकडं अंबाजीची बायको नंदाबाई, एकटी.

भांडण मळईचं होतं. मळई म्हणजे इंद्रायणीच्या काठचं गाळाचं वावर. तिथल्या इंद्रायणी तांदळाचा भात शिजला की वास रस्त्यावर जायचा. श्रीपती प्लॉटचा एजंट. मावळात हल्ली ज्याला काही जमत नाही तो स्वतःची जमीन विकतो आणि ज्याला सगळं जमतं तो दुसऱ्याची विकतो. श्रीपतीनं दोन्ही केलं. मळईवर शेड उभी राहिली. अंबाजी सही करत नव्हता, शेवटी केली, आणि वर्षाच्या आत गेला. डॉक्टरनं कावीळ लिहिली. नंदाबाईनं मनात दुसरंच लिहून ठेवलं.

पण खरं सांगायचं तर मळईपेक्षा तिला भिंत जास्त लागली. नंदाबाईला मूल नव्हतं. त्यासाठी गावानं एक शब्द ठेवलाय, तो तिनं लग्नात, बारशात, नळावर पुष्कळदा ऐकला होता. मात्र समीक्षा झाली तेव्हा सारिका कंपनीत पॅकिंगला जायची, पहिल्या शिफ्टला. तेव्हापासून पोर नंदाबाईच्या मांडीवर. तिच्याच हातचा मऊ भात खाल्ला, तिच्याच पदराला नाक पुसलं, तिलाच आधी हाक मारायला शिकली. "मोठी आई" म्हणायची. जन्म दिलेली आई नुसती "आई" आणि ही "मोठी". आता भिंत झाल्यावर श्रीपतीनं पोरीला बजावलं होतं, "त्या दाराला पाय लावायचा न्हाई." बावीस वर्षांची पोरगी, कॉलेज झालेली, आणि स्वतःच्याच घराच्या अर्ध्या भागात जायला बंदी. रस्त्यात गाठ पडली तर, "बरी हाईस का गं?" "बरी आहे, मोठी आई." संपलं.

भिंत जाड नव्हती. श्रीपतीनं तिथंही पैसा वाचवला होता. पलीकडचं सगळं अलीकडं ऐकू यायचं. समीक्षाला लोणावळ्याच्या एका हॉटेलवाल्याकडं बुकिंगचं काम मिळालंय, घरी बसून करायचंय, तीन महिने बघणार आणि मग कायम करणार, हे नंदाबाईला भाकरी थापता थापता कळलं. मोबाइलला घरात रेंज नाही, म्हणून श्रीपती तारेचं नेट घेणार, हेही कळलं. आणि आपल्या गल्लीतल्या पोलवरच्या डबीत एकाच कनेक्शनची जागा उरलीय, हे तिला दुधाच्या डेअरीवर कळलं.

दुसऱ्या दिवशी श्रीपती अंघोळ करत होता तेव्हा नंदाबाई तळेगावच्या बसमध्ये बसलेली होती. नेटच्या दुकानात जाऊन तिनं आपलं नाव लावलं.

तिला नेट काय करायचं होतं? काही नाही. तिला पोरगी पाहिजे होती.

जोडणीला सत्यम नावाचा पोरगेला माणूस आला, पाठीला बॅग, हातात ड्रिल.

"मावशी, नेट कुणाला हवंय?"

"मला. का? म्हातारीनं काय पाप केलंय?"

"तसं नाही हो. कॉम्प्युटर कुठाय?"

तिनं कोपऱ्यातली चादर बाजूला सारली. अंबाजी एका कारखान्यात स्टोअरला होता. कारखाना बंद पडला तेव्हा तिथला जुना कॉम्प्युटर त्यानं घरी आणला होता. सत्यम त्याच्याकडं बघून हसला, पण चालू झाल्यावर पुढं वाकून बघायला लागला. पडद्यावर मळई होती. भात लोंबीला आलेला आणि बांधावर फ्रॉक घातलेली एक पोर, तोंडात बोट.

तेवढ्यात दारातून श्रीपतीचा आवाज आला. उंबऱ्याच्या आत पाय नाही, पण आवाज थेट चुलीपर्यंत.

"ओ, माझं नाव होतं तुमच्या दुकानात!"

"साहेब, तुम्ही फोनवर नुसतं विचारलं होतं. मावशी स्वतः येऊन गेल्या. डबीत एकच जागा होती."

"मग आता मी काय करायचं? पोरीची नोकरी हाय!"

"यात भांडायचं काय आहे? राउटर लावतोय ना. त्याच्यावर चार-पाच कॉम्प्युटर आरामात चालतात. पासवर्ड घ्या, वापरा. घर तर एकच आहे तुमचं."

घर एकच आहे म्हटल्यावर श्रीपतीनं पोलकडं बघितलं, नंदाबाईनं चुलीकडं. सत्यमला वाटलं ड्रिलच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यानं परत सांगितलं. श्रीपती म्हणाला, "मी कुणाचं फुकट घेत न्हाई," आणि गेला. संध्याकाळी सारिकानं तांदळाचं एक पोतं नंदाबाईच्या ओट्यावर आणून टेकवलं. "आक्का, हे नेटचं," म्हणाली आणि मागं न बघता फिरली. मळई विकून बाजारातनं आणलेला तांदूळ.

त्याआधी जोडणी करताना, जुन्या दगडमातीच्या भिंतीला ड्रिल लावलं की माती ढासळत होती, म्हणून सत्यमनं राउटर देवळीत बसवला, जिथं अंबाजीची आई दिवा ठेवायची. पांढरी डबी, वर दोन शिंगं, पुढं हिरवे दिवे. देवळीखाली तिवई होती, आणि तिवईवर नंदाबाईच्या लग्नातला तांब्याचा हंडा, वर कळशी.

"मावशी, हे उचला इथनं. राउटरपुढं धातूचं काही नको. पाणी तर अजिबात नको. लाट अडते, मग पलीकडं नेट पोचत नाही."

नंदाबाईनं हंडा आत नेला. तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं, ही गोष्ट खरी.

सत्यम गेला आणि समीक्षा आली. बापानंच पाठवली होती, कारण तीन कॉम्प्युटर जोडायचं दुसऱ्या कुणाला जमणार नव्हतं. भिंत झाल्यावर पहिल्यांदा ती या उंबऱ्याच्या आत आली. काखेत लॅपटॉप. नंदाबाईला वाटलं तिच्या तोंडावरनं हात फिरवावा. पण हाताला पीठ होतं, आणि पीठ नसतं तरी धीर झाला नसता.

समीक्षानं जुन्या कॉम्प्युटरला निळी तार लावली, कारण त्याला हवेतलं नेट पकडता येत नव्हतं. श्रीपतीच्या कॉम्प्युटरसाठी हवेतलं नेट पकडणारी, बोटाच्या पेराएवढी एक पिन आणली होती, ती त्याला मागनं खोचायची. मग तिनं राउटरचं पान उघडलं.

"मोठी आई, नेटला नाव द्यायचं असतं. काय देऊ?"

"नावबिव कशाला?"

"देतात. लोकं आडनाव देतात. आपलं देऊ?"

नंदाबाईनं पडद्यावरच्या भाताकडं बघितलं. "मळई दे."

समीक्षानं मान वर केली. "पप्पांना रोज दिसंल."

"म्हनूनच."

पोरगी तोंडावर हात ठेवून हसली. अगदी लहानपणी हसायची तशी. पलीकडं गेल्यावर थोड्या वेळानं भिंतीतनं श्रीपती गरजला, "वैनी! हे असलं नाव कुनी सांगितलं ठेवायला?"

"ज्याचं नेट त्याचं नाव, भावजी!" नंदाबाई इकडनं ओरडली. कितीतरी महिन्यांनी दीर-भावजय एकमेकांशी बोलले, ते असं.

समीक्षानं जाताना तिला राउटरचं पान बघायला शिकवलं होतं. कोण कोण जोडलंय ते तिथं दिसायचं. तिन्ही कॉम्प्युटरना तिनं नावं दिली होती: मोठी आई, पप्पा, समू. ग्रामपंचायतीत या घराच्या दोन नोंदी. रेशनकार्डं दोन. लग्नाच्या पत्रिकाही दोन यायच्या. हे तिघं एकाखाली एक कुठं दिसत असतील तर फक्त त्या पानावर. नंदाबाई दुपारचं काम झालं की चादर काढून ते पान उघडून बसायची. वाचायला फार नव्हतं. तरी बसायची.

पण पोरगी परत आली नाही. कशाला येईल? नेट पलीकडं धो-धो पोचत होतं.

नळाला पाणी एक दिवसाआड. पाण्याच्या दिवशी घाई असते. असंच एकदा नंदाबाईनं हाताला सवय म्हणून हंडा तिवईवर ठेवला, कळशी कळशी करून भरला आणि वर भरली कळशी ठेवली. एवढ्या वर्षांची जागा, हात विसरत नाही. घटकाभरानं पलीकडनं आवाज आला.

"अगं आई, नेट गेलं! कस्टमर लाइनवर आहे!"

"वैनी! मळई दिसंना!" हा श्रीपती.

"दिसंल कशी, भावजी? इकून खाल्ली की!"

पलीकडं कुजबुज झाली, सारिकाचं "जा जा, नोकरी जाईल," आणि पुढच्या क्षणाला समीक्षा लॅपटॉप छातीशी धरून दारात. "मोठी आई, इथं बसू? इथं येतंय का बघते." तिवईशेजारी भिंतीला टेकून ती बसली. नेट तिथं होतंच. हंडा त्याच्या आणि पलीकडच्या मधे होता, तिच्या मधे नव्हता.

नंदाबाई चुलीपाशी उभी राहून बघत राहिली. पोरगी कानाला ते यंत्र लावून कुणा मुंबईच्या बाईला सांगत होती, "हो मॅम, व्हॅली व्ह्यू आहे, ब्रेकफास्ट आहे, पेट अलाउड नाही." मग फोन ठेवून, "काय येडी बाई आहे, कुत्र्याला वेगळी खोली मागती!" आणि मग, "मोठी आई, भूक लागलीय. काय केलंयस?"

काय केलंयस. हा प्रश्न या घरात भिंत झाल्यापासून कुणी विचारला नव्हता. माणूस एकटं असलं की कसंही शिजवतं, कसंही गिळतं. नंदाबाईनं पिठलं टाकलं. पोरीनं तीन भाकरी खाल्ल्या.

ती गेल्यावर नंदाबाईची नजर देवळीकडं गेली, मग हंड्याकडं. सत्यमचं बोलणं आठवलं. तिनं हंडा उचलला नाही.

पुढं ती शिकली. हंडा काठोकाठ भरून कळशी वर ठेवली तर पलीकडं नेट पार बंद. नुसता अर्धा हंडा असला तर अडखळत चालायचं. म्हणून पाण्याचा दिवस नसला तरी ती हंडा भरलेला ठेवायची, वापरायचं पाणी बादलीतनं घ्यायची. चिंच लावून हंडा असा घासायची की त्यात तोंड दिसावं. श्रीपती कंपनीला शिव्या घालायचा, सत्यम दोनदा फोनवर म्हणाला, "लाइन ओके दाखवतेय साहेब," आणि समीक्षा रोज दुपारी लॅपटॉप घेऊन यायची. कधी केसाला तेल लावून घ्यायची. कधी जुन्या कॉम्प्युटरवर अंबाजीनं काढलेले फोटो उघडायची आणि दोघी बघायच्या: मळईत चिखलात उभा अंबाजी, मळईत आवणीला भाताची रोपं लावणाऱ्या बाया, मळईत पाऊस. "थोरले पप्पा किती काळे होते गं," असं म्हणून ती हसायची. नंदाबाई म्हणायची, "काळे न्हवते, राबत व्हते."

चोरीचं सुख होतं, पण सुख होतं.

एका दुपारी पलीकडं भांडणाचा आवाज चढला. नंदाबाई तांदूळ निवडत होती, हात थांबला.

"सर म्हणाले, नेट असं जात असेल तर घरून काम जमणार नाही," समीक्षा रडवेली बोलत होती. "खंडाळ्याच्या ऑफिसात बसावं लागेल. शिफ्ट उशिरा सुटती, राहायची सोय त्यांच्या क्वार्टरला आहे म्हणे."

"पोरीला खंडाळ्याला ठेवायची? हॉटेलच्या क्वार्टरला?" सारिका.

"मग काय करू? त्या बाईच्या नेटवर पोरीचं आयुष्य घालू?" श्रीपती. "हिच्या नेटला नाव मळई, आन गुन बी तसलेच. पिकंना आन सुखानं इकंना. जाऊ दे खंडाळ्याला. सोमवारपासून जा तू."

नंदाबाई तशीच बसून राहिली. सूप मांडीवर. मळई पिकत नव्हती म्हणे! असला राग आला की भिंतीला धडक द्यावी. पण राग श्रीपतीवर टिकला नाही, घसरून तिच्याच अंगावर आला. पोरगी एका भिंतीपलीकडं आहे ते तिला सोसलं नाही, म्हणून तिनं हंडा मांडला, आणि त्या हंड्यानं पोरगी घाटाच्या कडेला ढकलली. श्रीपतीनं भिंत बांधली ती उघड, दिवसाढवळ्या, गवंडी लावून. हिनं तांब्याची बांधली आणि रोज चिंचेनं घासली. दोघांत फरक काय राहिला?

ती उठली. भरला हंडा एकटीला उचलत नव्हता. पाणी फेकायचं तर एक दिवसाआडचं पाणी, जीवावर येतं. कळशी कळशी करून तिनं ते मागच्या दारी रांजणात ओतलं, पाठीत कळ येत होती, थांबली नाही. रिकामा हंडा मागच्या पडवीत नेऊन पालथा घातला. तिवई उचलून तीही बाहेर टाकली. मग देवळीपुढं उभी राहून तिनं हिरव्या दिव्यांकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून ओरडली:

"समू! आता बघ गं नेट!"

मग पलीकडनं, "आलं! पप्पा, फुल आलंय!"

"वैनी, काय केलं हो?" श्रीपतीचा आवाज.

"काय न्हाई. जाळी झाली व्हती, झाडली."

सोमवारी समीक्षा खंडाळ्याला गेली नाही. मंगळवारीही नाही. नेट पुन्हा अडखळलं नाही. भिंतीतनं दिवसभर तिचा गोड आवाज यायचा, हो सर, नो सर, व्हॅली व्ह्यू सर. नंदाबाई दुपारी पिठलं टाकायची आणि एक भाकरी जास्त थापायची, मग ती भाकरी गाईला घालायची. मागं पडवीत हंडा हिरवा पडू लागला. तिनं घासला नाही. पान उघडायची: मोठी आई, पप्पा, समू. तिघं जागच्या जागी. आणि घरात चुलीचा आवाज तेवढा.

तीन महिने भरले तेव्हा सारिका पेढे घेऊन आली. या वेळी उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही.

"पोरगी कायम झाली, आक्का. तुमच्या नेटवर झाली."

"गुनाची हाय. तिला सांग, लय बरं वाटलं."

"सांगते." सारिकानं इकडं तिकडं बघितलं. "तुमचा हंडा दिसंना? नेहमी हितं आसायचा. मला कंपनीला जायच्या आधी त्यातलंच पानी द्यायच्या तुमी, आठवतंय ना."

"ठेवला मागं. जागा अडती."

सारिका तिच्याकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दाराशी धाडधाड पावलं वाजली. समीक्षा दारात. लॅपटॉप छातीशी, कानाला यंत्र, त्याची तार लॅपटॉपमधनं सुटलेली. आणि तोंड आपल्या घराकडं वळवून, बापाला ऐकू जाईल अशा आवाजात:

"नेट गेलं माझं! मोठी आईकडं बसते!"

नंदाबाई चुलीपासनं उठली. "अगं, गेलं कसं? म्या तर हंडा..." आणि जीभ चावली.

तेवढ्यात पोरीच्या छातीशी धरलेल्या लॅपटॉपमधनं एक पुरुषी आवाज स्वच्छ, खणखणीत बोलला, "हॅलो, मॅडम? मी विचारतोय, स्विमिंग पूलला टोपी लागते का? हॅलो, आवाज येतोय ना?"

"येतोय सर," समीक्षा म्हणाली, नजर नंदाबाईवरच. "अगदी नीट येतोय. हो, टोपी लागते." बोलत बोलत ती आत आली आणि देवळीखाली, तिवई होती तिथं रिकाम्या जमिनीवर भिंतीला टेकून बसली. फोन संपला. कानाचं यंत्र गळ्यात घेतलं आणि आवाज खाली आणला.

"हंडा पडवीत का टाकलास? आमच्या मागच्या दारातनं दिसतो, किती घाण झालाय."

नंदाबाई जवळ सरकली. "तुला म्हायती व्हतं?"

"मीच जोडलंय ना नेट. पाण्याच्या दिवशी पहिल्यांदा गेलं, आत आले आणि हंडा बघितला." पोरगी फरशीवरची माती बोटानं टोकरत होती. "सरांचं एवढं मनावर घेतील पप्पा असं वाटलं नव्हतं. मी म्हणणारच होते तुला काढ म्हणून. पण काढ म्हटलं असतं तर रोज कशाला आले असते? त्यांना काय सांगून आले असते? आणि तू काढल्यावर कायम होईपर्यंत नेट गेलं म्हणायचीही चोरी होती, पप्पांनी खंडाळ्याला धाडलं असतं."

बावीस वर्षांची, कमावती, कायम झालेली पोरगी. आपल्याच घराच्या अर्ध्या भागात यायला तिला नेट गेल्याचं खोटं बोलावं लागतं. नंदाबाईला वाटलं आत्ता पलीकडं जावं आणि श्रीपतीच्या तोंडावर हे फेकावं. पण पोरगी समोर बसली होती, आणि तिनं अजून काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

"आन हे असं किती दिस?"

"जितके दिवस नेट जाईल तितके."

नंदाबाई मागच्या पडवीत गेली. हिरवा पडलेला हंडा सुलटा करून आणला, तिवई आणली. चिंचेचा गोळा भिजवला आणि समीक्षाच्या शेजारी बसून घासायला लागली. हात काळे झाले. तांबं हळूहळू उजळू लागलं.

"भरून ठेवू का हितं?" तिनं हळूच विचारलं.

"ठेव की. मी तर हितंच बसलेय, मला कुठं अडतंय?"

"तुझ्या बापाचं अडंल."

"अडू दे," समीक्षा म्हणाली. "काय केलंयस खायला?"